टाक्यांचा हिशेब

इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतल्या नोंदींवर २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा लाखांहून अधिक पहिलटकरणी, सगळ्यांची प्रसूती योनीमार्गाने झालेली. त्यांच्यापैकी किती जणींना गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत फाटल्याची जखम झाली, हे त्यात मोजलं होतं. २००० साली हे प्रमाण १.८ टक्के होतं, २०११ साली ५.९ टक्के. रुग्णालयाच्या कामाचा असा चढता आलेख पाहिला की कुणीही म्हणेल, काहीतरी बिघडलं आहे. डॉक्टर निष्काळजी झाले, सुइणींचे हात कच्चे पडले. अभ्यासकांनी मात्र यातली बरीचशी वाढ ही जखम आता ओळखली आणि नोंदली जाऊ लागल्यामुळे असावी, असं मत दिलं. मला ते पटतं, आणि त्याच्याही पुढे जाऊन असं वाटतं की बाळंतपणातल्या या जखमेवरच्या उपचारांचा इतिहास हा मुळात पाहण्या-न पाहण्याचा इतिहास आहे. औषधं आणि सुया-दोरे बदलत गेले, पण दर्जा सुधारला तो कुणीतरी जखम नीट पाहिली, मोजली आणि बाईला नंतर विचारलं तेव्हाच. आणि असं पाहणं सुरू झालं की आकडा आधी वाढतो. तो कधीच वाढला नसेल, तर त्या रुग्णालयाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

जखमेचं स्वरूप थोडक्यात सांगायला हवं. योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला वैद्यकात पेरिनियम म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येताना हा भाग ताणला जातो आणि बऱ्याचदा फाटतो. केवळ त्वचा फाटली तर पहिली श्रेणी, खालचे स्नायू फाटले तर दुसरी, गुदद्वाराचा गोल स्नायू फाटला तर तिसरी, आणि आतल्या अस्तरापर्यंत चीर गेली तर चौथी. पहिल्या दोन श्रेणींच्या जखमा बहुधा भरून येतात. तिसरी आणि चौथी वेळेवर ओळखून नीट शिवली नाही तर बाईला वायू किंवा शौच आवरत नाही. ही तक्रार काही वेळा लगेच जाणवते, काही वेळा वर्षानुवर्षांनी, पाळी जाण्याच्या सुमारास, स्नायू आणखी सैल झाल्यावर. तोवर बाळंतपणाशी तिचा संबंध कुणी जोडत नाही, बाई स्वतःसुद्धा नाही.

ही जखम माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इटलीतल्या सालेर्नो या गावाच्या वैद्यकपरंपरेत बाराव्या शतकात स्त्रियांच्या आजारांवर जे ग्रंथ तयार झाले आणि पुढे ‘त्रोतुला’ या नावाने युरोपभर फिरले, त्यांत योनीपासून गुदद्वारापर्यंत फाटलेल्या बाळंतिणीवरचा उपचार दिला आहे. रेशमी दोऱ्याने तीन-चार ठिकाणी टाके घालायचे, आणि पाय उंचावर ठेवून आठ-नऊ दिवस तिला बिछान्यातच राहू द्यायचं. त्याहून लक्षवेधी आहे तो प्रतिबंधाचा सल्ला: बाई कळ देईल तेव्हा कापडाचा लांबट गोळा गुदद्वाराशी घट्ट दाबून धरायचा, म्हणजे तो भाग फाटणार नाही. हाताने आधार देण्याची ही कल्पना आठशे वर्षांनंतर वादाचा विषय होणार होती. इथे एवढंच नोंदवायचं की त्या काळच्या वैद्यांना आणि सुइणींना ही जखम दिसत होती. बाळंतीण त्यांच्याच गावात राहत होती आणि तिचे हाल त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

डब्लिनचे सर फील्डिंग औल्ड यांनी १७४२ साली सुईणकामावर ग्रंथ लिहिला. डोकं अडलं आणि वाट सुटत नसली तर वाकड्या कात्रीने गुदद्वाराच्या दिशेने छेद द्यावा, असा सल्ला त्यात आहे. एपिझिओटॉमीचं हे पहिलं वर्णन मानलं जातं. ते नाव मात्र व्हिएन्नाच्या कार्ल ब्राउन यांनी १८५७ साली दिलं. औल्ड यांच्या लेखी हा अडलेल्या प्रसंगीचा उपाय होता. पुढची दीड-पावणेदोनशे वर्षं तो तसाच राहिला. बहुतेक बाळंतपणं घरी होत, अंगाला कात्री लावायला सुईण धजत नसे आणि तिला तशी परवानगीही नसे.

चित्र पालटलं ते विसाव्या शतकात, आणि त्यात शिकागोच्या जोसेफ डिली यांचा वाटा मोठा. १९२० साली त्यांनी अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर एक निबंध वाचला. पहिलटकरणीला गुंगी द्यावी, मोठी चीर घ्यावी, फोर्सेप्सने बाळ काढावं, वार हाताने बाहेर घ्यावी आणि मग सगळं नीट शिवून टाकावं, असा त्यांचा कार्यक्रम होता. प्रसूती ही मुळात इजा करणारी घटना आहे आणि बाईला तिच्यापासून वाचवायचं तर डॉक्टरने आधीच हस्तक्षेप करायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. डिली यांना खलनायक ठरवणं सोपं आहे आणि तसं अनेकांनी केलंही आहे. पण गरीब बायकांसाठी शिकागोत १८९५ साली प्रसूतिगृह काढणारा हा माणूस फाटलेल्या पेरिनियमचे, खाली सरकलेल्या गर्भाशयांचे, शौच न आवरणाऱ्या बायकांचे हाल रोज पाहत होता. प्रश्न त्याने बरोबर ओळखला होता. उत्तर बरोबर आहे की नाही, हे तपासायची पद्धत मात्र त्याच्याकडे नव्हती, आणि पुढची साठ वर्षं त्याच्या अनुयायांनाही ती शोधावीशी वाटली नाही. सरळ कापलेली चीर वेड्यावाकड्या फाटलेल्या जखमेपेक्षा छान शिवता येते, लवकर भरते, मोठी इजा टाळते: या तिन्ही गोष्टी गृहीत धरल्या गेल्या. पाठ्यपुस्तकांत गेल्या. विद्यार्थ्यांनी त्या घोकल्या.

ब्रिटनमध्ये लाट जरा उशिरा आली. १९६७ साली तिथल्या सुइणींना चीर देण्याची मुभा मिळाली. १९७० सालच्या पील समितीने सगळीच बाळंतपणं रुग्णालयात व्हावीत अशी शिफारस केली. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली चौथा हिस्सा बाळंतिणींना चीर दिली जात होती. १९७८ साली निम्म्याहून जास्त. अमेरिकेत १९७९ साली हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होतं. आणि शिवायचं कुणी? बहुतेक वेळा कनिष्ठ डॉक्टरने किंवा विद्यार्थ्याने. पाय वर बांधलेल्या अवस्थेत बाई थांबून राही आणि कुणीतरी मोकळा झाला की येऊन टाके घाली. शस्त्रक्रियेच्या जगात टाके घालणं ही शिकाऊ उमेदवाराची पहिली पायरी, आणि पहिल्या पायरीचा सराव बाळंतिणीच्या अंगावर, असा हा हिशेब होता. बाई दोन-चार दिवसांनी घरी गेली की शिवणाऱ्याला आपल्या कामाचं काय झालं ते कधीच कळत नसे.

पहिला तडा गेला तो बायकांच्या बोलण्याने. शीला किट्झिंगर यांनी १९८१ साली ब्रिटनच्या नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्टसाठी चीर पडलेल्या बायकांचे अनुभव गोळा केले. आपोआप फाटलेल्या जखमेपेक्षा चीर जास्त दुखते, असं बाया सांगत होत्या. अनुभवांचं संकलन म्हणजे पुरावा नव्हे, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो रास्त होता. पण उलट बाजूला तरी काय पुरावा होता? स्टीफन थॅकर आणि डेव्हिड बँटा यांनी १८६० ते १९८० या काळातलं इंग्रजीतलं साहित्य धुंडाळून १९८३ साली निष्कर्ष काढला की सरसकट चीर देण्याच्या फायद्यांना भक्कम आधार नाही, तोटे मात्र दिसतात. मग वेस्ट बर्कशायरमध्ये जेनिफर स्लीप या सुइणीने १००० बायकांवर घेतलेल्या तुलनात्मक चाचणीचे निकाल १९८४ साली प्रसिद्ध झाले. एका गटात हात राखून चीर दिली (१० टक्के), दुसऱ्यात सढळ हाताने (५१ टक्के). दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा दुखण्यात फरक नव्हता. पहिल्या गटात पेरिनियम शाबूत राहिलेल्या बाया अधिक होत्या आणि त्यांचे शरीरसंबंधही लवकर सुरू झाले होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, अर्जेंटिनातल्या आठ प्रसूतिगृहांत २६०६ बायकांवर घेतलेल्या चाचणीत एका गटात ३० टक्के आणि दुसऱ्यात ८३ टक्के बायकांना चीर पडली. गंभीर जखमांचं प्रमाण १.२ आणि १.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. सढळ चीर देऊन मोठी इजा टळते हे गृहीतक इथे कोसळलं. उत्तर अमेरिकेत तर चीर मधोमध, थेट गुदद्वाराच्या दिशेने दिली जाई. माँट्रियलच्या मायकेल क्लाइन यांच्या चाचणीत दिसलं की तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या जवळपास सगळ्या जखमा चिरेचाच विस्तार होत्या.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवली जाते: डॉक्टरांची कात्री, बायकांचा लढा, विज्ञानाचा निकाल. मला ती अपुरी वाटते. कात्रीवरच्या वादात एक मोठा प्रश्न बाजूला पडला होता. चीर दिली काय नि न दिली काय, गुदद्वाराचा स्नायू फाटला आहे की नाही हे पाहत कोण होतं? स्लीप यांच्या आणि अर्जेंटिनाच्या चाचण्यांतही गंभीर जखम म्हणजे जी प्रसूतिगृहात दिसली ती. न दिसलेली कुणाच्याच रकान्यात नव्हती.

त्या काळी शौच न आवरण्याचं प्रचलित स्पष्टीकरण चेतातंतूंचं होतं. बाळाचं डोकं खाली उतरताना त्या भागाचे चेतातंतू ताणले जातात, दुबळे होतात आणि म्हणून स्नायू काम करेनासे होतात, असं लंडनमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं होतं. त्यात तथ्य होतं आणि आहे. पण या स्पष्टीकरणाची एक सोय होती. चेतातंतू ताणले गेले तर त्याला जबाबदार निसर्ग. तिथे शिवण्यासारखं काही नसतं आणि कुणाच्या नजरेतून काही निसटलं असंही म्हणता येत नाही. १९९३ साली अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सोय संपवली. प्रसूतीच्या सहा आठवड्यांनंतर त्यांनी गुदद्वारात अल्ट्रासाउंडची सळई ठेवून स्नायूचं प्रत्यक्ष चित्र घेतलं. ७९ पहिलटकरणींपैकी २८ जणींच्या स्नायूत खंड पडलेला दिसला, म्हणजे ३५ टक्के. फोर्सेप्स लावलेल्या दहापैकी आठ जणींत. प्रसूतीच्या वेळी अशी जखम नोंदली गेलेल्या बाया मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

तेव्हा असा बचाव झाला की या जखमा दडलेल्या होत्या, साध्या डोळ्यांना दिसूच शकत नव्हत्या, अल्ट्रासाउंडमुळे कळल्या. २००६ साली अँड्र्यूज, सुलतान, रानी ठाकर आणि इतरांनी या बचावाची परीक्षा घेतली. पहिल्यांदाच योनीमार्गाने प्रसूत झालेल्या २४१ बायकांची नेहमीची तपासणी झाली की लगेच एका अनुभवी डॉक्टरने त्यांना पुन्हा तपासलं. यंत्राने नव्हे, डोळ्यांनी आणि बोटाने. स्नायूच्या जखमांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून २४.५ टक्क्यांवर गेलं. सुइणींच्या हातून झालेल्या प्रसूतींतल्या बहुसंख्य, ८७ टक्के, जखमा निसटल्या होत्या. डॉक्टरांच्याही काही निसटल्या होत्या. खरोखर दडलेल्या, म्हणजे केवळ अल्ट्रासाउंडवरच दिसणाऱ्या, होत्या तीन. पुरेसा उजेड, गुदद्वारात एक बोट घालून स्नायू चाचपणं आणि काय शोधायचं याचं ज्ञान, एवढ्याने बाकीच्या सापडल्या. आणि ते ज्ञान तरी कुणी दिलं होतं? १९९५ सालच्या एका पाहणीत प्रसूतिशास्त्राचं किमान सहा महिने प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांपैकी ९१ टक्क्यांनी आणि सुइणींपैकी ६० टक्क्यांनी या भागाची रचना आपल्याला पुरेशी शिकवलीच नाही असं सांगितलं होतं. चीर तिरकी द्यायची म्हणजे किती तिरकी, हेही तसंच. २००५ साली चिरांचे कोन प्रत्यक्ष मोजले तेव्हा एकाही सुइणीची चीर पुरेशी तिरकी निघाली नाही आणि डॉक्टरांतही साधारण पाचातल्या एकाचीच निघाली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. शोधत गेलं की सापडतंच. उद्या प्रत्येक बारीक खंडाला जखम म्हटलं तर बायका घाबरतील, सिझेरियन मागतील, आणि एका दुखण्याच्या जागी दुसरं येईल. अल्ट्रासाउंडवर दिसणाऱ्या सगळ्याच खंडांमुळे त्रास होत नाही हे खरं. सुलतान यांच्या त्याच अभ्यासात ३५ टक्के पहिलटकरणींत खंड होता, पण तक्रार होती १३ टक्क्यांना. तरी आक्षेप पूर्ण लागू पडत नाही, कारण इथे निदानाला लगोलग उपचार जोडलेला आहे. प्रसूतीनंतर लगेच, शस्त्रक्रियागृहात, नीट भूल देऊन स्नायूची टोकं शोधून जोडली तर ६० ते ८० टक्के बायकांना वर्षभरानंतर काही त्रास राहत नाही, असं ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सांगते. न ओळखलेल्या जखमेला ही संधीच मिळत नाही. ताजी जखम शिवणं आणि काही वर्षांनी आक्रसलेली टोकं शोधून शिवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिसऱ्या श्रेणीचे तीन पोटभाग पाडणारं सुलतान यांचं वर्गीकरण २००१पासून रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेत आलं. बाहेरचा स्नायू अर्ध्याहून कमी फाटला, अर्ध्याहून जास्त फाटला, की आतलाही फाटला, हे त्यामुळे लिहावं लागू लागलं. लिहायचं म्हणजे आधी पाहायला हवं. सुरुवातीला सांगितलेला तिपटीचा आकडा याच वर्षांतला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वाढ केवळ नोंदीची कशावरून? माता वयाने मोठ्या झाल्या, बाळं वजनाने जड झाली, आणि शिवाय सुइणींनी हात काढून घेतले. १९९८ साली ब्रिटनमधल्या ५४७१ बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला होता: डोकं बाहेर येताना पेरिनियमला हाताचा आधार द्यायचा, की हात तयार ठेवून नुसतं पाहायचं? गंभीर जखमांत फरक आढळला नाही. दहाव्या दिवशी दुखत असल्याचं सांगणाऱ्या बायका आधार दिलेल्या गटात ३१.१ टक्के होत्या, दुसऱ्यात ३४.१. निकाल किंचित का होईना, आधाराच्या बाजूचा. तरीही त्या चाचणीनंतर हात न लावण्याची रीतच अनेक ठिकाणी पसरली. निकालातलं सोयीचं तेवढं उचलण्याची खोड डिलींच्या अनुयायांपुरती नव्हती, ती नैसर्गिक प्रसूतीच्या कैवाऱ्यांतही होती. तेव्हा खऱ्या वाढीचा काही भाग असणार, हे मी मान्य करतो. पण तो किती, हे ठरवायलाही आधी पाहणं आणि मोजणं हवंच, आणि याचं उत्तम उदाहरण नॉर्वेचं आहे. तिथे १९६७पासून प्रत्येक जन्माची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. गंभीर जखमांचं प्रमाण काही दशकांत अर्ध्या टक्क्यावरून चार टक्क्यांपलीकडे गेल्याचं त्या नोंदीतच उघड झालं. शेजारच्या फिनलंडमध्ये सुइणी जुन्या पद्धतीने एका हाताने बाळाचं डोकं सावकाश आणत आणि दुसऱ्याने पेरिनियम सांभाळत. नॉर्वेच्या फ्रेड्रिकस्टाड इथल्या रुग्णालयात हीच पद्धत पुन्हा शिकवली आणि जखमांचं प्रमाण ४.०३ टक्क्यांवरून २००७ सालापर्यंत १.१७ टक्क्यांवर आलं. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, आधी-नंतरची तुलना होती; त्यामुळे श्रेय सगळं हाताला द्यावं का, यावर वाद चालू आहे. पण इथली घट आधीच्या चढावानंतर आलेली आहे, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. सालेर्नोच्या कापडी गोळ्याची मला इथे आठवण होते.

ब्रिटनने २०१७-१८मध्ये सोळा प्रसूतिगृहांत उपायांचा एक संच राबवला: गरोदरपणीच बाईशी या जखमेविषयी बोलणं, हाताचा आधार, गरज असेल तेव्हा ६० अंशांच्या कोनात चीर, आणि प्रसूतीनंतर गुदद्वारातून तपासणी. ५५ हजारांहून अधिक प्रसूतींत प्रमाण ३.३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. घट लहान आहे. टीकाही झाली: त्वचा शाबूत असताना प्रत्येकीची गुदद्वारातून तपासणी का, तिची संमती कशी घेणार, आणि हाताच्या आधाराचा पुरावा एवढा पक्का आहे का? संमतीचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. कळांनी थकलेल्या बाईला न विचारता बोट घालणं हाही एक प्रकारचा अत्याचारच. पण वरून शाबूत दिसणाऱ्या पेरिनियमखाली आतलं अस्तर फाटलेलं असणं विरळा असलं तरी अशक्य नाही. उपाय तपासणी सोडून देण्यात नाही. आधी सांगावं, विचारावं, आणि नाही म्हणाली तर थांबावं.

टाके घालण्याच्या कामातही सुधारणा बाईला नंतर विचारल्यामुळेच झाली. जनावरांच्या आतड्यांपासून काढलेला कॅटगट हा दोरा दशकानुदशकं वापरात होता. युरोपातून तो मात्र २००१ साली गाईंच्या मेंदूरोगाच्या धास्तीने गेला, दुखण्याच्या तक्रारींमुळे नव्हे. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या क्रिस्टीन केटल, याही सुईणच, यांनी १५४२ बायकांवर सुटे टाके आणि सलग सैलसर शिवण यांची तुलना केली आणि २००२ साली निकाल छापला. दहाव्या दिवशी सुट्या टाक्यांच्या गटात ४४ टक्के बाया दुखत असल्याचं सांगत होत्या, सलग शिवणीत २६.५ टक्के. पद्धत जुनी, खर्च शून्य. दहाव्या दिवशी कुणी विचारलं नसतं तर फरक कळलाच नसता.

तरीही विचारणं हेच अजून सगळ्यांत कच्चं आहे. २०२४ साली ब्रिटिश संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने बाळंतपणातल्या आघातांवर अहवाल दिला. थिओ क्लार्क या तत्कालीन खासदार बाईंनी स्वतःची तिसऱ्या श्रेणीची जखम आणि त्यानंतरची वागणूक सभागृहात सांगितल्यावर हे काम सुरू झालं होतं. तेराशेहून अधिक बायकांनी निवेदनं पाठवली. सुलतान यांच्या शोधनिबंधानंतर तीस वर्षांनी, ज्या देशात वर्गीकरण, मार्गदर्शिका आणि उपायसंच तयार झाले तिथेही, जखम निसटलेल्या आणि नंतर कुणी न ऐकलेल्या बाया त्यांत होत्या.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाण २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६४.६ टक्के होतं, २०१९-२१च्या पाहणीत ते ९४.७ टक्के झालं. पंधरा वर्षांत सुईण जवळपास हद्दपार झाली. माता आणि बाळांचे मृत्यू टाळण्यासाठी हे आवश्यक होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पहिलटकरणीला चीर द्यायची हा शिरस्ता अनेक प्रसूतिगृहांत आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशी सरसकट चिरेच्या विरोधात असल्या तरी. त्याच्या समर्थनार्थ म्हटलं जातं की भारतीय बाईचं पेरिनियम आखूड असतं, न कापलं तर भयंकर फाटेल. हा युक्तिवाद क्षणभर खरा धरू. इंग्लंडच्या त्याच नोंदींत आशियाई वंशाच्या पहिलटकरणींना गंभीर जखमेचा धोका गोऱ्या बायकांच्या दुपटीहून अधिक दिसतो. धोका इतका असेल तर आपल्या प्रसूतिगृहांत तिसऱ्या श्रेणीच्या जखमा भरपूर नोंदलेल्या दिसायला हव्यात, किंवा चिरेने त्या टळतात याचा आकड्यांतला पुरावा तरी हवा. कुटुंब आरोग्य पाहणीत सिझेरियनचं प्रमाण राज्यवार मिळतं. या जखमेचं मिळत नाही. गर्दीच्या लेबर रूममध्ये पाळीवरचा निवासी डॉक्टर टाके घालून पुढच्या टेबलाकडे वळतो, तेव्हा गुदद्वाराचा स्नायू चाचपायला त्याला वेळ किती मिळतो? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या शिकलेल्या सुइणींच्या हातून ८७ टक्के जखमा निसटत होत्या, तर आपल्याकडे कमी निसटत असतील असं मानायला आधार काय?

बायकांनी तक्रार केली नाही म्हणजे तक्रार नाही, असंही म्हटलं जातं. याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले: ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण असलेल्या समाजात आपणहून बोलण्याची वाट पाहणं म्हणजे न ऐकण्याची सोय करणं. शौच आवरत नाही हे बाई सासूला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. ती लग्नकार्याला जाणं बंद करते, एसटीचा लांबचा प्रवास टाळते, आणि घरच्यांना वाटतं बाळंतपणानंतर हिचा स्वभाव बदलला.

गडचिरोलीतूनच निघालेल्या घरोघरी नवजात बालसेवेच्या कल्पनेवर आज देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या करतात. रुग्णालयात प्रसूत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सुलतान यांनी अल्ट्रासाउंड केलं तेही सहा आठवड्यांनीच. आशा ताईची नजर मुख्यतः बाळावर असते, आणि ते योग्यच आहे. तिच्यावर कामांचा बोजा किती आहे हेही उघड आहे. तरी सव्वा महिना संपून बाई पुन्हा घरकामाला लागलेली असते त्या शेवटच्या फेरीत एकच प्रश्न विचारता येईल: वायू किंवा शौच आवरायला त्रास होतो का? अडचण प्रश्न विचारण्यात नाही, होकार आला तर पुढे काय यात आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बहुधा गुदद्वाराच्या स्नायूची दुरुस्ती करणारा शल्यविशारद नसतो, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट नसते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं तर चिठ्ठीवर कोणत्या विभागाचं नाव लिहायचं, हे ठरवलेलं नसतं. स्त्रीरोग विभाग म्हणतो शल्यचिकित्सेकडे जा, शल्यचिकित्सा म्हणते हे बाळंतपणातलं आहे. तो विभाग कोणता, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने एका परिपत्रकाने ठरवून टाकावं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, आणि प्रश्न विचारायला सुरुवात झाल्यावर पहिली काही वर्षं आकडा वाढत जाईल हे त्या परिपत्रकातच लिहून ठेवावं, म्हणजे वाढलेला आकडा पाहून कुणी आशा ताईलाच जाब विचारणार नाही.